संग्राहकाने विक्रेता व्हावं का?

प्रश्न: बरीच वर्षं जुनी पुस्तकं जमवतोय, कपाटं संपली, आता पलंगाखालीही पुस्तकंच आहेत. रिटायर झाल्यावर हाच धंदा करावा असं वाटतं, पण घरचे म्हणतात ज्याच्या हातून एक पुस्तक सुटत नाही तो विकणार काय? दोन्ही एकाच माणसाला जमतं का?

उत्तर: जमतं, आणि तुमच्यासारख्याला जास्त चांगलं जमतं, कारण पहिली आवृत्ती कुठली, पान कुठलं गायब आहे, बांधणी मूळची की नंतर केलेली, ही नजर पदरचे पैसे घालून घेतल्याशिवाय येत नाही. पण आधी तुमची पुस्तकं वेगळी आणि विकायची वेगळी करा, कपाटंही वेगळी आणि हिशेबाच्या वह्याही वेगळ्या. माणूस घसरतो तो इथेच.

टॉमस वाइज हा इंग्लंडमधला फार मोठा संग्राहक, पुस्तकांच्या बाबतीत लोक त्याचा शब्द प्रमाण मानायचे, आणि तो विकायचाही. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण विक्रेत्यांनी त्याच्याकडून बाजारात आलेल्या कितीतरी दुर्मिळ पुस्तिका बनावट असल्याचं दाखवून दिलं, आणि तेही कशावरून तर कागदावरून! एका कवितांच्या पुस्तिकेवर साल छापलंय १८४७ आणि कागदात लाकडाचा असा रासायनिक लगदा, जो तिथे १८७४ च्या आधी कागदात वापरतच नव्हते. पुढे तो गेल्यावर असंही उघड झालं की ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या नाटकांची पानं काढून त्याने स्वतःच्या आणि विकायच्या अपुऱ्या प्रती पूर्ण केल्या होत्या. एवढा जाणकार माणूस, पुस्तकांवर एवढं प्रेम, आणि त्याच पुस्तकांची पानं फाडली, मला हे वाचून अजूनही त्रास होतो.

म्हणून विकताना दोष आधी लिहा. लायब्ररीचा शिक्का, कसरीने खाल्लेला कोपरा, झेरॉक्स करून बसवलेलं पान, सेलोटेप, सगळं. कव्हरवरचं मूळ जॅकेट नसेल तर तेही सांगा, आधुनिक पहिल्या आवृत्त्यांची किंमत त्यावर फार फिरते. पुस्तक कुणाकडून आलं त्याची नोंद ठेवा, चोरीचा माल असाच गळ्यात पडतो.

पैसा मात्र हळू येतो. अख्खा संग्रह एकगठ्ठा घेतला तर त्यातली थोडीच पुस्तकं पटकन जातात, बाकीची वर्षानुवर्षं जागा अडवतात आणि त्यांना ओल, वाळवीपासून जपावंही लागतं. टॉमस फिलिप्स हा इंग्लंडमधलाच आणखी एक मोठा संग्राहक १८७२ मध्ये गेला, त्याचा संग्रह विकून संपायला शंभर वर्षांहून जास्त लागली, तेव्हा पेन्शन हाताशी ठेवूनच यात उतरा.

सुरुवात डबल प्रतींपासून करा, त्या देताना जीव कमी तुटतो आणि वर्णन लिहायचा हातही बसतो. कुठलं पुस्तक लगेच गेलं, कुठलं पडून राहिलं ते तारखेसकट लिहून ठेवा, पुढची खरेदी त्यावरूनच ठरवायची आहे.