पहिला टायर इन्फ्लेटर घेताना

ग्वाल्हेरसारख्या गावात टायरमध्ये हवा भरणारा हा छोटा पंप गाडीत हवाच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि जानेवारीच्या पहाटे पाच-सहा अंशांवर. तापमान साधारण ६ अंश उतरलं की टायरमधला दाब १ पीएसआयने (दाब मोजायचं एकक) घटतो.

पहिला घ्याल तो गाडीच्या सॉकेटवर चालणारा वायरवालाच घ्या. बॅटरीवाला सुटसुटीत असतो खरा, पण उन्हात तापलेल्या बंद गाडीत लिथियम बॅटरी ठेवणं धोक्याचं, आणि ऐन वेळी ती उतरलेली निघते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात पेटी उघडून एवढं बघा:

- '१५० पीएसआय' हा मोठा आकडा विसरा. कारला ३०-३५ लागतात. मिनिटाला ३०-३५ लिटर हवा देतो का, ते विचारा.
- वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे. इथेच सगळे फसतात.
- ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबणारा हवा.
- किती अँपिअर घेतो ते गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजशी ताडून पाहा. फ्यूज १० चा आणि पंप १४ चा असेल, तर फ्यूज उडणारच.

वापरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर गाडीची बॅटरी बसते. मात्र बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. दाब थंड टायरचाच मोजा. धावलेल्या टायरमध्ये तो तीन-चार पीएसआय जास्त दिसतो, म्हणून तेव्हा हवा काढू नका. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो; टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. दहा मिनिटं चालला की पंपाला तेवढीच विश्रांती द्या. नळीचं पितळी टोक तापलेलं असतं, काढताना फडकं घ्या.