मैत्रिणीचे सुख का खुपते?

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते आणि एका शाळेत शिकवते. माझी कॉलेजातील जिवलग मैत्रीण आता बाणेरला मोठ्या घरात राहते. तिच्या सहलींचे, घराच्या सजावटीचे फोटो इन्स्टाग्रामवर सतत दिसतात. अलीकडे तिने पीएच.डी. मिळाल्याचा फोटो टाकला. मीही पीएच.डी.साठी नोंदणी केली होती, विषयही मंजूर झाला होता, पण सासूबाईंच्या आजारपणात ते काम मागे पडले ते पडलेच. त्या फोटोखाली मी ‘खूप अभिनंदन’ लिहिले आणि दिवसभर घरात सगळ्यांवर चिडत राहिले. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा हीच मैत्रीण रात्रभर माझ्यासोबत बसली होती, म्हणून तर स्वतःची अधिकच लाज वाटते. अ‍ॅप काढून टाकले, तरी चार दिवसांत पुन्हा घेतले. मी मत्सरी झाले आहे का?

उत्तर : नाही. मैत्रिणीचे काही वाईट व्हावे, असे आपल्या पत्रात कोठेही नाही. तिला मिळाले ते मलाही हवे होते, एवढीच ती वेदना आहे, आणि त्या वेदनेसाठी स्वतःला दोषी ठरवू नये.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले की, स्वतःची कुवत जोखायला दुसरे निश्चित माप नसते तेव्हा माणूस इतरांशी तुलना करतो, आणि त्यातही आपल्यासारख्यांशीच करतो. म्हणूनच एखाद्या उद्योगपतीचा बंगला पाहून आपल्याला काहीच वाटत नाही, पण ज्या मैत्रिणीबरोबर एका बाकावर बसून अभ्यास केला, तिचे यश थेट आपल्या न झालेल्या कामापाशी नेऊन उभे करते. हा स्वभाव इन्स्टाग्रामच्या आधीपासूनचा आहे. फरक पडला तो तुलनेच्या प्रसंगांत, कारण पूर्वी ते लग्नकार्यात किंवा स्नेहसंमेलनात येत आणि आता ते दिवसातून कितीतरी वेळा येतात; शिवाय समोर दिसते ते दुसऱ्याने निवडून ठेवलेले असते. फेसबुकविषयीच्या २०१५ च्या एका संशोधनात असे आढळले की, कोणाशी काही न बोलता नुसते पाहत राहिल्याने हेवा वाढतो आणि मन खालावते. सर्वांवर हा परिणाम सारखा होत नाही, परंतु आपले वर्णन त्याच्याशी जुळते.

आपले पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. घर आणि सहली आपण एका वाक्यात उरकल्या आहेत. मन अडकले आहे ते पीएच.डी.पाशी. तेव्हा हा हेवा दाबून टाकण्यापेक्षा तो कशाकडे बोट दाखवतो आहे ते पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी सहा वर्षांची मुदत असते, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिलांना त्याहून दोन वर्षांची जादा सवलत आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करण्याचीही सोय आहे. आपली नोंदणी कोणत्या वर्षाची आणि तिला कोणते नियम लागू होतात, याची विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात चौकशी करावी. मुदत संपली असेल, तर नव्याने प्रवेश घेण्याचा मार्गही तेथेच समजेल.

अ‍ॅप काढण्याची गरज नाही. लाइकचे आकडे लपवण्याची सोय इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये दिली, पण आपला प्रश्न आकड्यांचा नसल्यामुळे तिचा आपल्याला फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा मैत्रिणीच्या पोस्ट काही काळ म्यूट कराव्यात, म्हणजे तिला न कळता त्या आपल्यासमोर येणे थांबेल. मात्र पोस्ट थांबल्या म्हणून मैत्रिणीशी बोलणे थांबू देऊ नये. तिला घरी बोलवावे आणि आपले काम कोठे अडले ते मोकळेपणाने सांगावे. प्रबंध लिहिताना ती कोठे अडली, मार्गदर्शकांशी कधी खटके उडाले का, नोकरी आणि घर सांभाळून लिहायला वेळ कसा काढला, हेही विचारावे. फोटोत न आलेली ती वर्षे तिच्याइतकी नेमकी आपल्याला दुसरे कोणी सांगू शकणार नाही.