अर्जात 'सुशोभीकरण' लिहू नका

प्रश्न: नागपुरात आमच्या लेआउटमागे नाल्याच्या कडेनं मातीची पायवाट आहे. आता तिथे मोटारसायकली शिरतात. ती फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी राखायची तर काय करावं?

उत्तर: काहीही करा, पण अर्जात 'सुशोभीकरण' हा शब्द लिहू नका. मी लिहिला होता.

आमच्या मागेही अशीच वाट होती, कडेला कडुलिंब. मे महिन्यात पहाटे आई तिथे चपला हातात घेऊन चालायची, माती गार लागते म्हणून. मोटारसायकली वाढल्या तेव्हा घरोघर फिरून सह्या मीच घेतल्या. हवे होते फक्त दोन्ही तोंडांना खांब. शेवटी ओघात लिहून गेले, "वाटेचं सुशोभीकरणही व्हावं."

खांब आलेच नाहीत. गट्टू आले, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. वाट सपाट झाली तशा गाड्या आणखी जोरात जाऊ लागल्या. सिमेंट कडुलिंबांच्या बुंध्याला भिडवलं, वाटेच्या बाजूला वीतभर माती सोडली नाही. मी अडवलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, एस्टिमेटमध्ये आहे तसंच करतो." तिसऱ्या उन्हाळ्यात दोन झाडं शेंड्याकडून वाळत आली. पालवी फुटली ती फक्त नाल्याकडच्या फांद्यांना, जिकडे मुळांना माती उरली होती. आईनं तिकडे जाणं सोडलं. सकाळी आठलाच गट्टू तापतात.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं. हे मला काम उरकल्यावर कळलं.

म्हणून आधी जागा मनपाची की नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) ते बघा, आणि विकास आराखड्यात तिच्यावर काय आरक्षण आहे तेही. मग माहितीच्या अधिकारात एस्टिमेट आणि नकाशा मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेव्हा आजच टाका. वर्क ऑर्डर निघाली की कोणी ऐकत नाही. अर्जात मोजून मागा: इतके खांब, इतक्या अंतरावर, झाडाभोवती एक मीटर माती, गट्टू नकोत.

नागपुरातच अजनीत इंटरमॉडल, म्हणजे रेल्वे-बस एकत्र असणाऱ्या, स्टेशनसाठी झाडं जाणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले, हायकोर्टापर्यंत गेले. पायवाटेसाठी एवढे लोक येत नाहीत, कारण ती जाते तेव्हा काही तोडलेलं दिसत नाही. उलट नवीन बाक दिसतो.

आमचे दादा अजून म्हणतात, "पावसाळ्यात चिखल तुडवायचा का? लोकांना गट्टूच हवेत." दादा, चिखल आपल्या काळ्या मातीचा आहे, आणि त्याला उपाय मुरूम आहे. चांगला दाबून, दोन्हीकडे उतार देऊन घातला की पाणी थांबत नाही, पाय रुततही नाही. हे मी त्या वेळी बोलले नाही, कारण तुम्ही आईसमोर "तुला रस्त्यातलं काय कळतं" म्हणालात.

आणि हो, खांब फार जवळ घेऊ नका. मोटारसायकल अडेल इतकी फट ठेवली तर चाकाच्या खुर्चीवरचं माणूसही अडतं. माझी आई आता त्याच खुर्चीवर आहे. त्यामुळे गाड्या पूर्ण बंद होतील असं मी म्हणणार नाही, पण वाट खडबडीत आणि वळणावळणाची राहिली तर जोरात जाणारे कमी होतात. आमच्या वाटेवरचे गट्टू काढून मुरूम घालावा, असा अर्ज गेल्याच आठवड्यात दिलाय. दादांची सही अजून बाकी आहे.