कीड लागलेला दात आपोआप भरून येतो का?

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात. भोक नाही, दुखतही नाही. कॅल्शियमचं औषध दिलं की दात आतून भरून येतो, असं शेजारी सांगतात. खरं का?
– एक आई, सातारा

उत्तर : कॅल्शियमच्या औषधाने हे होणार नाही. पण पट्टे पांढरे आहेत आणि खड्डा पडलेला नाही, तोवर कीड मागे फिरवता येते. बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही, तुमच्या वेळेत आलं आहे.

मोडलेलं हाड जुळतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. दाताच्या बाहेरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, एकही नसते. त्याची डागडुजी लाळच करते. गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू आम्ल बनवतात. तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. खाणं थांबल्यावर अर्ध्या-एक तासात लाळ आम्लाचा जोर मोडते आणि ही खनिजं परत बसू लागतात. फ्लोराइड असेल तर ती लवकर बसतात आणि नवा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. पोटातून दिलेलं कॅल्शियम उगवून आलेल्या दाताच्या इनॅमलपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून दिवसभरात किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एकदाच खाल्लेला लाडू परवडतो. दर तासाला एक बिस्किट किंवा घोटघोट ज्यूस नाही, कारण लाळेला उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपायची सवय असेल तर ती आधी मोडा.

पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा वाचा. 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) हवं. भारतात पेस्टला मर्यादाही तेवढीच आहे. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये त्याच्या निम्मं असतं, काहींत अजिबात नसतं. तिच्या वयाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे (तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी). सकाळी आणि झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटं, आणि ब्रश तुम्ही करायचा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते नीट जमत नाही. वरचा ओठ उचलून हिरडीच्या कडेवर ब्रश हलकेच फिरवा. नंतर थुंकायला लावा, पण चूळ भरू देऊ नका. चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी.

पट्टा नखाने किंवा टाचणीने खरवडून पाहू नका. वरचा पातळ थर शाबूत असतो, आतला भुसभुशीत झालेला असतो. वरचा फुटला की खड्डा पडलाच.

डेंटिस्टकडून फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, लावून घ्या. पाच मिनिटांचं काम, दर तीन ते सहा महिन्यांनी करायचं. पांढरेपणा पूर्ण जाईलच असं नाही. पट्टा गुळगुळीत, चकचकीत झाला आणि वाढला नाही, म्हणजे कीड थांबली. तो खरखरीत, निस्तेज राहिला तर ती चालू आहे.

एक खबरदारी : चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. ती कीड नव्हे. ते डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतात, आणि हिरडीलगतच्या कडेपुरतेच नसतात. तिथे आधी पाणी तपासून घ्यावं.

प्रश्न : दाढेत काळं भोक आहे. महिनाभर ठणका होता, लवंगेचं तेल लावलं, आता थांबला. कीड मेली असेल ना?
– एक वाचक, जालना

उत्तर : नाही, बहुधा दाताची नस मेली आहे. दातात किडा नसतोच. जंतू असतात, आणि ते आता मुळाच्या टोकाकडे सरकत असतील. लवंगेतल्या युजेनॉलने तेवढ्यापुरता बधिरपणा येतो, भोक बुजत नाही. निव्वळ तेल हिरडीवर सांडलं तर हिरडी भाजते. मशेरीने आराम पडतो म्हणून ती लावत असाल तर आजच बंद करा. ती तंबाखूच आहे, तिने तोंडाचा कर्करोग होतो.

गार पाण्याची कळ काही सेकंदांत विरली तर साध्या फिलिंगवर भागू शकतं. कळ मिनिटंमिनिटं रेंगाळली, रात्री झोपमोड झाली, किंवा तुमच्यासारखी एकदम थांबली, तर एक्स-रे काढून रूट कॅनाल किंवा दात काढणं यातला निर्णय घ्यावा लागतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाची शेवटची दाढ किडू लागली आहे. दुधाचीच आहे, पडेल ना?
– एक वडील, पनवेल

उत्तर : बोटाने मोजा. मधल्या रेषेपासून मागे सहावी असेल तर ती कायमची आहे. तिच्या जागी दुधाचा दात पडत नाही, सगळ्यांच्या मागून ती गुपचूप उगवते, म्हणून ओळखू येत नाही. आणि पाचवी, म्हणजे दुधाची असली, तरी तिला आणखी चार-सहा वर्षं काम करायचं आहे. दोन्ही वेळा दाखवायलाच हवं. खड्डा पडला नसेल तर सहाव्या दाढेच्या खाचांत सिलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, भरून घ्या. इंजेक्शन लागत नाही, दात कोरावा लागत नाही. फक्त त्या वेळी दाढ कोरडी राहायला हवी. लाळ लागली तर सिलंट सुटतं. म्हणून दर सहा महिन्यांनी ते जागेवर आहे का, हे तपासून घ्या.