वाचकांचे प्रश्न : मखरातले रंग बदलणारे दिवे

गणपती तोंडावर आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एलईडी पट्ट्या असतातच. त्यातले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

मखराच्या कमानीसाठी पाच मीटरचे दोन आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रोल एकापुढे एक जोडले. पांढरा रंग लावला की सुरुवातीला पांढरा आणि शेवटाकडे गुलाबी-लालसर दिसतो. नुसता लाल लावला तर शेवटपर्यंत जवळपास सारखा. रिमोटचा कंट्रोलरही चांगलाच तापतो. रोल खराब निघाला का? (डोंबिवली)

रोल बहुधा ठीक आहे, व्होल्टेज शेवटापर्यंत पोचत नाही. 12 व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी ओळीत जोडलेले असतात. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, हिरव्या आणि निळ्याला 3 च्या आसपास. म्हणजे तीन लालांचं 6 व्होल्टमध्ये भागतं, तीन निळ्यांना 9 हवेत. पट्टीतल्या पातळ तांब्याने वाटेत दोन-अडीच व्होल्ट खाल्ले की निळा आणि हिरवा मलूल होतात, लाल तग धरून राहतो. उरतं ते गुलाबी. खात्री करायची तर पांढरा रंग पूर्ण उजेडावर ठेवा आणि मल्टिमीटरने शेवटच्या टोकाला '+12' आणि 'बी' या दोन टिकल्यांमध्ये मोजा. 10 च्या आसपास आकडा आला, तर दुकानदाराशी भांडू नका.

आता हिशेब बघा. मीटरला 60 एलईडींची 5050 पट्टी पूर्ण पांढऱ्यावर मीटरमागे 14.4 वॅट घेते. एक रोल 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर. दोन रोल 12 अँपिअर. 24 बटणांच्या रिमोटबरोबर येणारा छोटा पांढरा कंट्रोलर साधारण एका रंगाला 2, एकूण 6 अँपिअरचा असतो. तुमच्या कंट्रोलरवर दुप्पट भार आहे, तो तापणारच. स्वस्त रोल प्रत्यक्षात याहून कमी वीज घेतात, पण वायर आणि एसएमपीएस (घरच्या विजेचे 12 व्होल्ट करणारा डबा) निवडताना पूर्ण आकडाच धरा.

दुरुस्ती अशी करा. जोड तोडा. पहिला रोल कंट्रोलरवरच राहू द्या. त्याच्या शेवटच्या चार तारा आरजीबी अँप्लिफायरच्या (रंगाचा इशारा तोच ठेवून पुढच्या रोलला नवी वीज देणारी डबी) इनपुटला द्या, दुसरा रोल अँप्लिफायरच्या आउटपुटला लावा आणि अँप्लिफायरला एसएमपीएसपासून स्वतंत्र 12 व्होल्टची जोडी आणा. रंग एकत्रच बदलतील, भार मात्र वाटला जाईल. एसएमपीएस 12 व्होल्ट 15 अँपिअरचा घ्या. 12 अँपिअरच्या भाराला 12 चाच घेतला तर तो दहा दिवस रोज धापा टाकत चालेल. त्याच्यापासूनची वायर 1.5 चौरस मिमीची. पट्टी कापायची झाल्यास दर तीन एलईडींनंतर, म्हणजे दर 5 सेंमीवर असलेल्या कात्रीच्या खुणेवरच कापा. चिमट्याचे कनेक्टर विसर्जनाआधीच सैल होतात, सोल्डरच करा. आणि रोल गुंडाळलेला असताना पेटवून बघायचा तर मिनिटभरच, आतल्या थरांची उष्णता बाहेर पडत नाही.

मंडळाच्या देखाव्यात 5 व्होल्टची डब्ल्यूएस 2812 बी पिक्सेल पट्टी आहे, 300 एलईडी, ईएसपी 32 या छोट्या कंट्रोलर बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर टाकून चालवतो. अधूनमधून भलतेच रंग चमकायचे; आता 118 व्या एलईडीच्या पुढे सगळं बंद पडलंय. (कोल्हापूर)

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी बंद पडलेल्याबद्दल. या पट्टीत प्रत्येक एलईडी स्वतःच्या रंगाचे 24 बिट काढून घेतो आणि उरलेला संदेश पुढच्याकडे सरकवतो. एकाने सरकवला नाही की त्याच्या पुढे अंधार. दोषी एकतर शेवटचा पेटणारा (118) असतो, नाहीतर पहिला न पेटणारा (119). शोधत बसण्यापेक्षा दोन्ही कापून नवे बसवा. पट्टीवरचे बाण एकाच दिशेने आहेत ना, ते आधी बघा. तुकडा उलटा बसला तरी पुढे अंधारच दिसतो.

भलते रंग येतात ते संदेशाच्या व्होल्टेजमुळे. 5 व्होल्टवर चालणाऱ्या चिपला 'एक' ओळखायला पुरवठ्याच्या 0.7 पट, म्हणजे 3.5 व्होल्ट लागतात. ईएसपी 32 देतो 3.3. घरी टेबलावर चालतं, मंडपात लांब वायर लागली की गडबडतं. मध्ये 3.3 चा संदेश 5 व्होल्टचा करणारी 74 एएचसीटी 125 ही चिप टाका. याच कामासाठी मिळणारं चार चॅनलचं स्वस्त मॉस्फेट मॉड्यूल इथे चालत नाही, 800 किलोहर्ट्झला ते मंद पडतं. डेटाच्या तारेत पहिल्या एलईडीजवळ 330 ओहमचा रेझिस्टर, पट्टीच्या पुरवठ्यावर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि ईएसपीचा ग्राउंड व एसएमपीएसचा वजा एकमेकांना जोडलेले. हा शेवटचा जोड राहून गेला, तर बाकी सगळं बरोबर असूनही रंग नाचतात.

वीजही तपासा. एलईडीमागे 60 मिलिअँपिअर धरले तर 300 ला 18 अँपिअर. 5 व्होल्टवर वायरीची लांबी फार महागात पडते: 1.5 चौरस मिमीच्या 3 मीटर वायरीतून 10 अँपिअर नेले की जाऊन-येऊन 0.7 व्होल्ट जातात, म्हणजे सातवा हिस्सा. एसएमपीएस देखाव्यामागेच ठेवा आणि दर 100 एलईडींना नव्याने पुरवठा द्या. पुढच्या वर्षी नवी पट्टी घ्यायचीच असेल तर 12 व्होल्टची डब्ल्यूएस 2815 बघा. तिच्यात डेटाची राखीव तार असते, त्यामुळे एक एलईडी गेला तरी पुढचे चालू राहतात.

रंगीत दिव्यांत मूर्तीचा पितांबर हिरवट दिसतो आणि माटोळीतली (गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीतली) फळं शिळी वाटतात. कुठला रंग लावावा? (फोंडा)

मूर्तीवर आणि माटोळीवर कुठलाच नको. आरजीबी दिव्यात लाल, हिरवा, निळा एवढेच तीन अरुंद पट्टे असतात. मधला पिवळा-नारिंगी प्रकाश जवळजवळ नसतोच. सुपारीच्या घोसाचा किंवा तोरिंजनाचा (पपनसासारखं फळ) रंग त्यात उठणार कसा? समोरून 2700 ते 3000 केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90 चा स्थिर पिवळसर पांढरा दिवा लावा. आरजीबी पट्टी मखरामागे, भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून 10–15 सेंमीवर ठेवा, म्हणजे ठिपके न दिसता नुसता उजेड पसरेल.

हळदीचा पिवळा हवा असेल तर (प्रत्येक रंग 0 ते 255 मध्ये मोजतात) लाल 255, हिरवा 255 असं करू नका, तो पोपटीकडे झुकतो. हिरवा 120 च्या आसपास आणा. केशरीला 60–80, निळा दोन्हीत शून्य. पट्टीगणिक थोडा फरक पडतो, डोळ्यांनी जुळवा. रंग बदलायचा तर एका फेरीला निदान अर्धा मिनिट द्या. लुकलुकाट आरतीला त्रासच देतो.

आकाशकंदिलात दोन पायांचे, आपोआप रंग बदलणारे 20 एलईडी लावले. चालू करताना सगळे एकत्र बदलतात, काही मिनिटांनी ज्याचा त्याचा रंग. (नाशिक)

प्रत्येकाच्या पोटात स्वतःची चिप आणि स्वतःचं घड्याळ आहे, आणि कुठलीही दोन घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. बंद करून चालू केलं की पुन्हा थोडा वेळ जुळतात, एवढंच. सगळे कायम एका तालात हवेत तर पिक्सेल माळच घ्यावी लागेल. कागदी कंदिलात मात्र ही विस्कळीत रंगपेर आम्हाला जास्त आवडते. मोबाइलच्या 5 व्होल्ट चार्जरवर चालवत असाल तर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र 150 ओहमचा रेझिस्टर द्या. दोन एलईडी एकामागे एक ओळीत जोडू नका. एकाची चिप रंग बदलताना दुसऱ्याचा पुरवठा हलवते आणि दोघेही पहिल्याच रंगावर अडखळत राहतात.