वाचक विचारतात : घरच्या वर्कशॉपमधली हत्यारं

प्रश्न : सर, घरात पडलेल्या एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) सळईचा सेंटर पंच (भोक पाडण्याआधी धातूवर खूण ठोकायचं टोकदार हत्यार) बनवला. टोक लालबुंद करून पाण्यात बुडवलं, चर्र आवाजही आला, पण दोन-चार ठोक्यांतच टोक चपटं. पाणी पाजायला (तापवून बुडवून कडक करायला) चुकलं का?

उत्तर : पाणी पाजायला नाही, धातू निवडायला चुकलं. एमएसमध्ये कार्बन जेमतेम पाव टक्का, ते कितीही लाल करा, पंचाला लागतो तेवढा कडकपणा त्यात येतच नाही, त्याला निदान ०.६ टक्के तरी कार्बन लागतो. जुनी चांगली कानस घ्या, तिच्यात साधारण १ टक्का किंवा जास्तच असतो. शंका असेल तर ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा, एमएसच्या लांब सरळ जातात आणि फुटतात कमी, जास्त कार्बनवाल्या पोलादाच्या आखूड असतात आणि फुलबाजीसारख्या भरभरून फुटतात.

कानस लाल करून रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवा म्हणजे मऊ पडेल, मग आकार द्या, पण दाते पूर्ण घासून काढा कारण त्या खाचेतूनच तडा सुरू होतो. नंतर टोकाचा इंचभर भाग सावलीत तापवा, उन्हात लाल रंग नीट कळत नाही आणि माणूस नको तितकं तापवून बसतो. लोहचुंबक हाताशी असू द्या, साधारण ७७० अंशाला पोलाद चुंबकाला धरायचं थांबतं, तिथून थोडंसंच पुढे नेऊन तेलात बुडवा. दुसरी कानस फिरवून बघा, ती नुसतीच घसरली तर जमलं.

आणि बरेच जण इथेच थांबतात! हे टोक आता काचेसारखं ठिसूळ आहे, पहिल्याच ठोक्याला तुटेल. पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि ज्योत टोकाला नाही, मागे दांड्याला धरा, रंग हळूहळू पुढे सरकत येतो, आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. टोकावर गडद पिवळा येऊन तपकिरीकडे झुकला (साधारण २४०-२५० अंश) की लगेच पाण्यात. हातोडी पडते ती बाजू मात्र कडक करू नका, अजिबात नाही, कडक डोक्याची कपची उडून थेट डोळ्यात जाते.

प्रश्न : सरफेस प्लेट (सपाटपणा ताडून बघायची अचूक सपाट पाटी) नाहीये. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) दोन ठोकळे एकमेकांवर घासून सपाट होतील का?

उत्तर : दोन नाही, तीन लागतात. दोनच असले तर एक फुगीर आणि दुसरा तसाच खोलगट होऊनही ते एकमेकांवर झकास बसतात आणि तुम्हाला वाटतं झालं सपाट. तिसरा आला की ही चोरी पकडली जाते, कारण अ-ब, ब-क आणि क-अ या तिन्ही जोड्या पूर्ण जुळायच्या तर तिघांनाही सपाटच व्हावं लागतं. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश इंजिनिअरने १८४० मध्ये यावर निबंध वाचला आणि त्याचा आग्रह होता की घासू नका, स्क्रेप करा, म्हणजे धारेने खरवडा. एका ठोकळ्याला निळा रंग अगदी पातळ लावा, दुसरा त्यावर हलकेच फिरवा, जिथे डाग उठेल तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडा. मधून मधून ठोकळा काटकोनात फिरवून पण ताडून बघा, नाहीतर पीळ तसाच राहतो. वेळ खूप जातो खरा, पण पुढे जे जे बनवाल त्याची अचूकता इथूनच येणार आहे, म्हणून घाई करू नका. स्क्रेपरसाठी पुन्हा जुनी कानसच, तिला तापवायचीही गरज नाही, ग्राइंडरवर सारखी पाण्यात बुडवत टोक काढा, निळी पडली (म्हणजे कडकपणा गेला) तर तेवढा भाग काढून टाका.

प्रश्न : ॲल्युमिनियम वितळवायच्या भट्टीला जीआय (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) पाइपचा बर्नर चालेल का?

उत्तर : नको. जीआयवर जस्ताचा थर असतो, तो तापला की धूर होतो आणि त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. साधा काळा पाइप वापरा. आणि वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ओला चमचा किंवा दमट भंगार कधी घालू नका, पाण्याची क्षणात वाफ होऊन रस अंगावर उडतो, म्हणून जे आत जाणार ते आधी भट्टीच्या कडेला ठेवून खणखणीत वाळवायचं.