तुमचे प्रश्न : ‘रन आउट ऑफ’ कशाकशाला लागतं?

प्रश्न : ताई, मी लोअर परळला एका ऑफिसात ॲडमिनला आहे. मागच्या आठवड्यात लंडनच्या टीमला मेल टाकला की आमचे साहेब येऊ शकत नाहीत, ‘ही हॅज रन आउट ऑफ पासपोर्ट’. तिकडून उलटा प्रश्न आला, पासपोर्टची पानं संपलीत का? मला म्हणायचं होतं मुदत संपली. दूध संपलं, साखर संपली याला ‘रन आउट ऑफ’ चालतं मग पासपोर्टला का चालत नाही? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं कारण ही चूक हुशार माणसंच करतात, ज्यांना ‘संपणे’ म्हणजे ‘रन आउट ऑफ’ हे पक्कं पाठ झालेलं असतं ती. गोची अशी आहे की आपलं ‘संपणे’ फार मोठं आहे, त्यात दूधही बसतं, मीटिंगही बसते, सिनेमा, शाळा, पासपोर्ट, नातं, सगळं बसतं. इंग्रजीत यांची घरं वेगवेगळी.

आधी वाक्याची रचना बघा. आपण म्हणतो ‘दूध संपलं’, म्हणजे संपायचं काम दूध करतं, आपण नुसते बघत असतो, फार तर ‘आमच्याकडचं दूध संपलं’ म्हणू. इंग्रजीत ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’, तिथे कर्ता आपण, दूध गेलं ‘ऑफ’च्या मागे. म्हणजे साठा ज्याचा असतो तो पुढे बसतो. तो माणूसच पाहिजे असं नाही, पेट्रोल संपलं तर गाडी कर्ता, कॅश संपली तर एटीएम, शाई संपली तर पेन, साठा बाळगणारं कोणीही चालतं.

आता कुठलं नाम चालेल हे ओळखायला मी माझ्या क्लासमधे एक मराठीच युक्ती सांगते. त्या नामाला ‘माझ्याकडे थोडं उरलंय’ लावून बघायचं. माझ्याकडे थोडं दूध उरलंय, चाललं. थोडे पैसे, थोडा वेळ, थोडे कांदे, थोड्या आयडिया, थोडी जागा, सगळं चाललं, म्हणून मिल्क, मनी, टाइम, ओनियन्स, आयडियाज, स्पेस या सगळ्यांना ‘रन आउट ऑफ’ बिनधास्त लावा. आता म्हणून बघा, ‘माझ्याकडे थोडा पासपोर्ट उरलाय’. जीभच अडते ना? बस, तिथे ‘ऑफ’ चालणार नाही. ‘माझ्याकडे’ हा शब्द मात्र सोडू नका हं, कारण नुसतं ‘सिनेमा थोडा उरलाय’ आपण म्हणतो, पण ‘माझ्याकडे थोडा सिनेमा उरलाय’ कोणी म्हणत नाही, सिनेमा काही आपण डब्यात भरून ठेवत नाही.

मग पासपोर्टचं काय करायचं, तर त्यालाच कर्ता करा, ‘हिज पासपोर्ट हॅज रन आउट’, ‘ऑफ’ नाही, पुढे काही नाही, किंवा सरळ ‘हॅज एक्सपायर्ड’ लिहा, मेलमधे तेच जास्त शोभतं. लायसन्स, व्हिसा, भाडेकरार, इन्शुरन्स, ज्याला ज्याला तारीख असते ते सगळं असंच. आणि लंडनवाल्यांनी पानांचं विचारलं ते बरोबरच होतं, पानं म्हणजे साठा, एकेक करून संपत जातो, त्यामुळे ‘ही हॅज रन आउट ऑफ पेजेस’ हे अस्सल इंग्रजी वाक्य आहे.

मीटिंग, शाळा, मॅच, लग्न, म्हणजे जे घडतं आणि उरकतं, त्याला ‘ओव्हर’. इथे आपली मुंबईतल्या ऑफिसांची एक जुनी सवय आडवी येते, आपण सर्रास ‘मिल्क इज ओव्हर’, ‘पेपर इज ओव्हर’ म्हणतो. आपल्याआपल्यात कळतं, कोणाचं अडत नाही, मला त्यात लाज वाटण्यासारखं काही वाटत नाही. पण बाहेरच्या माणसाला ‘ओव्हर’ म्हटलं की कार्यक्रम आटोपल्यासारखं वाटतं, तेव्हा तिकडे लिहिताना साठ्याला ‘रन आउट’ आणि प्रसंगाला ‘ओव्हर’ एवढं सांभाळा. तसंच ‘माय चार्जिंग इज ओव्हर’. चार्जिंग ही भरण्याची क्रिया झाली, तिचा साठा नसतो, साठा बॅटरीत, म्हणून ‘माय फोन हॅज रन आउट ऑफ बॅटरी’.

अजून एक, मोजता येणारी वस्तू असेल तर अनेकवचन लावायचं, एग्ज, कप्स, एन्व्हलप्स. ‘रन आउट ऑफ एग’ नाही. आणि ‘हॅव’ आलं की ‘रॅन’ लिहू नका, ‘वी हॅव रॅन आउट’ हे मला आठवड्यातून दोनदा तरी तपासायला लागतं. कालचं सांगायचं असेल तर ‘वी रॅन आउट’, आत्ता बरणी रिकामी असेल तर ‘वी हॅव रन आउट’.

हे लिहिताना मला आमच्या लालबागच्या चाळीतली आजी आठवली. तिच्याकडे तांदळाचा पितळी डबा होता, त्यात मापटं असायचं, आणि ते मापटं डब्याच्या बुडाला खर्रकन घासलं की ती आत्याला हाक मारून सांगायची, ‘तांदूळ वाढले गं’. संपले म्हणायचं नाही, घरात संपणं नको म्हणून वाढणं. तसंच कुंकू वाढलं, बांगडी वाढली. म्हणजे आपल्याकडेही नाम बदललं की क्रियापद बदलतं, धीर संपत नाही सुटतो, विहीर संपत नाही आटते, दिवस सरतात. इंग्रजीत धीरालाही ‘रन आउट ऑफ पेशन्स’च. आपण हे सगळं न शिकता बरोबर बोलतो, मग इंग्रजीतली चारदोन घरं लक्षात ठेवणं काही अवघड नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात इंग्रजी पेपरात वाचलं, ‘मुंबई इज रनिंग आउट ऑफ वॉटर’. आईने घाबरून पिंप भरून ठेवली. पाणी संपलंच होतं का? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : नाही. ‘हॅज रन आउट’ म्हणजे संपलं, ‘इज रनिंग आउट’ म्हणजे संपत आलंय, अजून आहे. या एका ‘इंग’वर सगळं आहे. मुंबईला सात तलावांमधून पाणी येतं, तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा, सगळे भरले की 14,47,363 दशलक्ष लिटर होतात आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. पाऊस चार महिने, तेवढ्यावर वर्ष काढायचं, म्हणून मे-जूनमधे हा आकडा खाली येतोच आणि ‘रनिंग आउट’ अशा मथळ्यात येतं. ‘रन’चा जुना अर्थ वाहणे, वाळूच्या घड्याळातली वाळू खाली वाहून जाते तसं, म्हणून वेळेलाही हेच, ‘टाइम इज रनिंग आउट’. त्याहून सौम्य सांगायचं तर ‘रनिंग लो ऑन वॉटर’, इथे मात्र ‘ऑन’ लागतं. पाणी जपून वापरायचं ते वापराच, आईने चुकीचं काही केलं नाही.

प्रश्न : ‘द बोलर्स हॅव रन आउट ऑफ स्टीम’ असं कॉमेंट्रीत ऐकलं. बोलर आणि वाफ? (कॉलेज विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : तुम्ही ठाण्याचे म्हणून सांगायला मजा येतेय. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती वाफेवर, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, 34 किलोमीटर. मुंबईत विजेची गाडी आली 3 फेब्रुवारी 1925 ला, व्हीटी ते कुर्ला, तोपर्यंत सगळा कारभार कोळसा-पाण्याचा. वाफेचा दाब उतरला की इंजिन एकदम थांबत नाही, आधी जोर जातो, मग गाडी रेंगाळते. बोलरचंही तेच, हात चालतोय पण बॉलमधे दम नाही. जोमात सुरू होऊन मधेच मंदावलेल्या कुठल्याही कामाला हे लागतं, आंदोलन, प्रचार, अभ्यास. फक्त थकून घरी आलात तर ‘आय ॲम टायर्ड’च म्हणा.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. कॉमेंट्रीत ‘ही हॅज रन आउट ऑफ पार्टनर्स’ ऐकून तो म्हणाला, बॅट्समन रनआउट झाला. मी पण हो म्हटलं. बरोबर का? (एक आई, दादर)

उत्तर : नाही हो, उलट आहे. रनआउट झाला असता तर ‘ही वॉज रन आउट’ म्हटलं असतं, ‘वॉज’ पाहिजे कारण त्याला दुसऱ्या कोणीतरी बाद केलं. (‘ही रॅन आउट’ लिहिलं तर तो धावत बाहेर गेला असं होईल, हेही त्याला सांगा.) ‘रन आउट ऑफ पार्टनर्स’ म्हणजे त्याच्याच टीममधले बाकीचे दहा जण बाद झाले, साथीला कोणी उरलं नाही. तो स्वतः नॉटआउट.